वरचं पाणी

१८ फेब्रुवारी २०२४
तिवाऊ बेट

ती. बाबा आणि आई,
जयभीम.

पोचले. आधी मोठं विमान, मग छोटं, मग बोट. बोटीत जे झालं ते लिहीत नाही, आईला जेवण जाणार नाही. धक्क्यावर उभी राहून आईला फोन लावला तर दोन मिनिटं ती रडली आणि तिसऱ्या मिनिटाला नेटवर्क गेलं. इथे फोन फक्त धक्क्यावर लागतो, तोही मनात आलं तर. म्हणून आपलं ठरलं तसंच करू. मी हातानं लिहीन, फोटो काढून साजिदभाऊच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवीन, ते छापून ठेवतील आणि बाबा आर्णीला आले की घेऊन जातील, तुमचं उत्तरही तेच फोटो काढून मला पाठवतील. बाबांना तसाही फोन ऐकू येत नाही. साजिदभाऊ, हे सगळं तुम्ही आधी वाचणार, ते मला माहीत आहे. वाचा, फक्त गावभर करू नका.

बेट केवढं आहे सांगू? आपल्या घरून निघून नाल्यापलीकडच्या वावरापर्यंत जावं, तेवढ्यात बेट संपतं. सगळ्यात उंच जागा आपल्या समाजमंदिराच्या ओट्याइतकी. कुठेही उभं राहिलं तरी समुद्र दिसतो आणि तो आपल्यापेक्षा वर आहे असं वाटतं. मला त्याची भीती वाटते. हे वाक्य आईला वाचून दाखवू नका.

कामाचं असं आहे. हा देश म्हणजे समुद्रात सांडलेली बेटं. कोबी, कांदा, मिरची सगळं बाहेरून जहाजानं येतं आणि पर्यटकांना खाऊ घातलं जातं. सरकारनं छोट्या बेटांना सांगितलंय की पुढच्या मार्चपर्यंत स्वतःच्या कमाईवर उभे राहून दाखवा. जमलं नाही तर बेट हॉटेल कंपनीला भाड्यानं जाईल आणि माणसं मोठ्या बेटावरच्या चाळीत. इथल्या बायांनी आपल्या बचत गटासारखा गट केला आहे. भाजीपाला पिकवायचा आणि शेजारच्या बेटावरच्या पाहुणेघरांना विकायचा. तो पिकवायला शिकवायचं काम आमच्या संस्थेनं मला दिलंय. गटाची सेक्रेटरी मार्गो हिला इंग्रजी येतं, माझं सगळं बोलणं तिच्यामार्फत.

पाण्याची विहीर एकच, सेलीन नावाच्या आजीच्या आवारात. सगळं बेट तिचंच पाणी पितं. बाबा, तुम्ही ती विहीर पाहून हसाल. कमरेपर्यंतही पाणी नाही. बादली टाकू देत नाहीत. लांब दांड्याचा पत्र्याचा डबा आहे, त्यानं वरवरचं पाणी हळूच काढायचं. माझा डबा तळाला लागला तर आजीनं असं काही रागावून पाहिलं की मी तिची पाट्यावरची चटणीच सांडली जशी.

पण पाणी गोड आहे. घरून आणलेली तुरीची डाळ लावली, कुकरशिवाय शिजली. आईसारखी दोन बोटांत दाबून पाहिली. बाबांचे कान गेल्यापासून आई स्वयंपाकघराच्या दारातून अंगठा आणि बोट चोळून 'डाळ शिजली' म्हणून दाखवते आणि बाबा हात धुवायला उठतात, ते आठवलं. मग जेवण नीट गेलं नाही.

तुमची
प्रियंका


३ मार्च २०२४

चि. प्रियंका,
आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र मिळालं. साजिदनं कागद हातात देतानाच तोंड पाडलं होतं, म्हणजे त्यानं वाचलं. ते भीतीचं वाक्य मी तुझ्या आईला वाचून दाखवलं नाही, पण ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. कानाशी येऊन म्हणाली, "मधात काहून थांबले तुमी? काय लपवून राह्यले?" बहिऱ्या माणसाला लपवता येत नाही, त्याला स्वतःचा आवाज केवढा येतो तेच कळत नाही.

तुझ्या विहिरीचं वाचून मी खरंच हसलो. कमरेएवढं पाणी, म्हणजे ते डबकं झालं. आर्णीपासून मारेगावपर्यंत अन् तिकडे केळापूरपर्यंत मी विहिरी खोदल्या, खोल केल्या. सुरुंगांनी कान गेले, पण एक विहीर कोरडी सोडून आलो नाही. त्या आजीला म्हणावं, माझा बाप इथे असता तर तुझ्या विहिरीत हत्ती बुडवून दाखवला असता.

समुद्राकडे पाठ करून बसत जा. आई विचारते, डोक्याला तेल लावते का.

तुझे
बाबा


९ जुलै २०२४

ती. बाबा,
जयभीम.

मध्ये नुसती चार-चार ओळींची पत्रं पाठवली, रागावू नका. काम फार होतं आणि चांगलं होतं. घरून आणलेल्या बियांची वांगी, मिरची, अंबाडी इथे अशी आली की बाया येऊन पानांना हात लावून बघायच्या. पाहुणेघरवाल्यानं दर बोटीला भाजी घ्यायचं कबूल केलं. मार्गो धक्क्यावरच नाचली.

आणि आता पाऊस थांबलाय. आपल्याकडे पेरण्या झाल्या असतील, इथे उलटं आहे, आता कोरडे महिने. वाफे सुकत आहेत. सेलीन आजीच्या विहिरीतून डब्यानं काढून किती घालणार? संस्थेनं दिलेला छोटा सोलर पंप आहे, तो लावला की थोड्या वेळात तळ दिसतो आणि आजी येऊन पंपाच्या पाइपावर उभी राहते. बोलत नाही, नुसती उभी राहते. मार्गो म्हणते, जुनी माणसं विहिरीला झोपलेली समजतात, तिला उठवायचं नसतं.

पाहुणेघराला दोन बोटी रिकाम्या गेल्या. तिसरी गेली तर तो पुन्हा जहाजाचा कोबी घेईल, आणि मग मार्चमध्ये आम्ही काय दाखवणार? हॉटेल कंपनीची माणसं परवा येऊन किनारा मोजून गेली. बाबा, मला काही सुचत नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं?

प्रियंका


१४ जुलै २०२४

चि. प्रियंका,
जयभीम.

यात सुचायचं काय आहे? विहीर खोल कर.

पाणी खालीच असतं बेटा. वर जे दिसतं ते त्याचं नुसतं तोंड. पंप लावल्यावर तळ दिसतो म्हणजे झरे दमलेले नाहीत, विहीर तोकडी आहे. पाच हात खाली जा. माती असेल तर दगडाची बांधणी वर घेत जा, नाहीतर कड ढासळेल. खडक लागला की घाबरू नको. पहारीनं ठोकून आवाज ऐक. भरीव वाजला तर थांब, पोकळ वाजला तर फोड, त्याच्याखाली पाणी बसलेलं असतं. सुरुंगाचं नाव काढू नको. माणूस आत असताना वर एक माणूस पाहिजेच.

त्या आजीचं मनावर घेऊ नको. आपल्याकडेही खोल करायला गेलो की घरातली म्हातारी आधी रडते आणि पाणी लागल्यावर तीच आधी पेढे वाटते. माझं आयुष्य गेलं त्यात.

तू विचारलंस, बरं वाटलं. कान गेल्यापासून मला कोणी काही विचारत नाही.

तुझे
बाबा


२८ जुलै २०२४

ती. बाबा,
जयभीम.

लागलं. तुम्ही सांगितलं तसंच झालं. खाली पांढऱ्या दगडाची सलग पाटी लागली, पहार मारली तर पोकळ वाजली. फोडली आणि पाणी असं वर आलं की आत उतरलेल्या बाया ओरडत बाहेर आल्या. पंप दुपारभर चालला तरी तळ दिसला नाही. मी सगळ्यांना सांगितलं, हे माझ्या बाबांचं काम आहे. त्यांनी तुमचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, 'नागोहाव' असं काहीतरी झालं.

तिसरी बोट भरून गेली. वांग्यांना पुन्हा फूल धरलंय.

सेलीन आजी मात्र खोदकाम सुरू झालं त्या दिवशी घराची दारं लावून आत गेली. पाणी लागल्यावर पेढे तर सोडाच, ती आता विहिरीवर येतच नाही. छपरावरून पिंपात जमवलेलं जुनं पावसाचं पाणी पिते. मार्गोला विचारलं तर म्हणाली, पंपाचा आवाज तिला आवडत नसेल. असेल. पण मला तिच्या बंद दाराकडे बघवत नाही.

तुमची
प्रियंका


२ सप्टेंबर २०२४

चि. प्रियंका,
जयभीम.

पोळा झाला, तुझं पत्र नाही. दर खेपेला आर्णीला गेलो की साजिद दुरूनच मान हलवतो. मी दुकानाची पायरी चढतही नाही, तिथूनच परत फिरतो. तुझ्या आईशी फोनवर बोललीस म्हणे, सगळं ठीक आहे म्हणालीस. तुझी आई म्हणते, "आवाज बसलेला होता तिचा. मले सांगत नाही ते. तुमीच लिहा." मला आवाज ऐकू येत नाही, मला अक्षर लागतं. अक्षरावरून मला कळतं.

समुद्र चढला का? आजारी आहेस का? विहिरीत कोणी पडलं का? जे असेल ते लिही.

बाबा


११ सप्टेंबर २०२४

ती. बाबा आणि आई,
जयभीम.

काळजी करू नका, मी बरी आहे. समुद्र जिथल्या तिथे आहे, विहिरीत कोणी पडलेलं नाही. काम जास्त आहे आणि हवेत खारटपणा असतो, त्यानं थकवा येतो. आईला सांगा, तेल लावते.

वांग्यांची पानं कडेनं जरा करपली आहेत, ऊन फार आहे. भाजी थोडी कमी निघते. पाहुणेघरवाल्यानं समजून घेतलंय. घरून आणलेली डाळ मात्र आता जुनी झाली बहुतेक. कितीही शिजवा, दाणा दाणाच राहतो. मग मी भात आणि मासळीच खाते, इथे मासळी छान मिळते.

बाकी सगळं ठीक.

प्रियंका


१५ सप्टेंबर २०२४

चि. प्रियंका,

तुझं पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. डाळीच्या वाक्याशी आलो तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, "डाळ जुनी नाही म्हना तिले. यंदाची हाये, मी सोता भरडून, पाखडून बांधून देली. त्याच पोत्यातली डाळ आपन खाऊन राह्यलो, ते लोण्यासारखी शिजते. पान्याले काय झालं, ते इचारा."

मी ते पत्र पुन्हा वाचलं. पानं कडेनं करपली. डाळ शिजत नाही. थकवा.

तीस-पस्तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की डाळ शिजली नाही तर आधी पाण्याकडे बघा. आणि स्वतःच्या लेकीच्या पत्रात मला ते दिसलं नाही, बायकोला दिसलं.

पाणी कधीपासून खारं झालं? खोल केल्यावर ना? साजिद वाचतो म्हणून लपवू नको. तोही आता तुझं पत्र आलं की दुकानात कोणाशी बोलत नाही.

बाबा


२० सप्टेंबर २०२४

बाबा,

आईसमोर काही लपत नाही, हे मी विसरले.

हो. खोल केल्यावर दोन-तीन आठवडे सुखाचे गेले. मग एका बाईचं लेकरू पाणी पिऊन तोंड वाकडं करायला लागलं. आम्ही म्हटलं, लाड. मग चहा फाटायला लागला. मग वांगी करपली. मी खारेपणा मोजायचा मीटर लावला तर आकडा बघून मीटर बिघडलाय असं मीच ठरवलं. पंप बंद केला तो पाहुणेघराची अख्खी बोटभर भाजी वाया गेल्यावर. तोवर विहीर खारी झाली होती. पिता येत नाही इतकी.

त्या दिवशी सेलीन आजी दार उघडून बाहेर आली. मला वाटलं, शिव्या देईल. तिनं मला बसवलं, समोर एका भांड्यात समुद्राचं पाणी घेतलं आणि त्यावर पिंपातलं पावसाचं पाणी, हाताच्या तळव्यावरून, थेंबथेंब सोडलं. मग डब्यानं वरचं पाणी काढून मला प्यायला दिलं. गोड होतं. मग तोच डबा तळापर्यंत नेला आणि प्यायला दिला. बाबा, एवढंच आहे ते. बेटाच्या खालीही समुद्रच आहे. पावसाचं पाणी झिरपून त्या खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं बसतं. ती पांढरी पाटी आम्ही फोडली आणि साय फाटली.

मार्गोनं आजीचं बोलणं मला सांगितलं. "माझ्या आजीनं मला मारून शिकवलं होतं की डबा तळाला लावायचा नाही. का, ते तिनंही सांगितलं नाही. मी तुला नुसती रागानं बघत राहिले. सांगायला हवं होतं." ती माझ्यावर रागावली नाही, हेच मला जास्त लागलं. प्रशिक्षणात आम्हाला बेटाच्या पोटाचं चित्रही दाखवलं होतं. मी ते परीक्षेपुरतं पाहिलं आणि इथे आल्यावर तुमच्यासारखाच विचार केला, की पाणी खालीच असतं.

आता मोठ्या बेटावरून पाण्याचे कॅन येतात. हॉटेल कंपनीचा माणूस कॅनवाल्या बोटीतूनच येतो आणि लोकांना नव्या घरांचे फोटो दाखवतो. दोन कुटुंबांनी भांडी बांधून ठेवली आहेत. आजी म्हणते, मी जाणार नाही, मला इथेच पुरा. मार्चपर्यंत विहीर गोड झाली नाही तर हे सगळं बेट माझ्यामुळे जाईल.

तुम्ही स्वतःला दोष द्याल, मला माहीत आहे. पहार माझ्या हातात होती.

प्रियंका


६ ऑक्टोबर २०२४

चि. प्रियंका,
जयभीम.

पहार तुझ्या हातात होती, पण जीभ माझी होती. विहीर न बघता, तिथलं पाणी न चाखता मी सांगितलं. गावातला कोणी नवखा असं करता तर मी त्याला कामावरून हाकललं असतं. तुझं पत्र वाचल्यापासून डोळ्यांसमोर ती म्हातारी येते, जिला मी हत्ती बुडवून दाखवणार होतो.

तुझी रुक्माबाई आत्या दर्यापूरकडे खारपाणपट्ट्यात दिलेली आहे, तुला आठवत असेल. मी एसटीनं तिच्याकडे जाऊन आलो. बहीण आहे म्हणून वर्षानुवर्षं जातो, तिथलं खारं पाणी पितो, तिला चिडवतो की तुझ्याकडे डाळ खायची तर आपलं पाणी घेऊन यावं लागतं. आणि मला कधी वाटलं नाही की पाणी असंही असतं. तुमची विहीर गोड होती, म्हणून मी धरून चाललो की खालीही गोडच. आत्याला सगळं कागदावर लिहून दाखवलं. ती माझ्या कानाशी ओरडून म्हणाली, "आमच्या इकडे कोनी खाली जात नाही, दादा. गेला त्याची इहीर खारी झाली. मंग बुजवा लागते, दुसरा इलाज नाही."

तेव्हा बुजव. संपूर्ण नाही, जेवढी मी खोल करायला लावली तेवढीच. आधी फोडलेल्या पाटीचे मोठे तुकडे, मग बारीक, मग धुतलेली रेती. एकदम टाकू नको, थर देऊन चोप दे, नाहीतर खालचं पाणी फटीतून वर चढत राहील. वरचा तळ पूर्वी होता तिथेच आणून थांब. मग पंपाचं तोंड बघायचं नाही. पाऊस येईल, झिरपेल, बसेल. किती दिवस लागतील ते मला माहीत नाही. आत्यालाही माहीत नाही.

पण दगड टाकायच्या आधी त्या आजीला विचार. जुलैत मी तुला हेच सांगायला पाहिजे होतं.

मी आजवर एक विहीर बुजवली नाही. कोणी बोलावलं तरी जायचो नाही, विहीर बुजवणं म्हणजे आपल्यात वाईट मानतात. ही पहिली. दुरून असली तरी माझीच.

तुझे
बाबा


१० नोव्हेंबर २०२४

ती. बाबा,
जयभीम.

बुजवली.

आजीला विचारलं. ती घरात गेली आणि आपली चटई घेऊन विहिरीच्या काठावर येऊन बसली. आम्ही थर देत होतो तसतशी ती वरून काठीनं दाखवत होती, इथे पोकळ राहिलंय, तिथे दगड आडवा आहे. शेवटच्या रेतीच्या वेळी ती स्वतः शिडीनं खाली उतरली आणि हातानं रेती सारवल्यासारखी सपाट केली. मार्गो रडत होती. मी रडले नाही, मला फक्त खालून बुडबुडे येतात का तेवढंच दिसत होतं.

वाफे गेले. आता एका खोलीएवढा तुकडा ठेवलाय, छपराच्या पिंपातल्या पाण्यावर. मिरची आणि अंबाडी. पाहुणेघरवाला म्हणतो, एवढ्यात माझं काय भागतं? बायांनी त्याला सांगितलं, बेट जेवढं देईल तेवढंच मिळेल, पटलं तर घे. तो घेतो आहे. थोडी थोडी.

पाऊस दोनदा येऊन गेला. विहिरीचं पाणी अजून तोंडात धरवत नाही. कॅनवाली बोट एकदा वाऱ्यामुळे आलीच नाही, तेव्हा आम्ही शहाळी पिऊन राहिलो. मी दर सरीला बाहेर येऊन मोजत असते की ही पुरेशी होती का. डाळीची एक मूठ उरली आहे. तिला हात लावत नाही.

प्रियंका


१९ जानेवारी २०२५

चि. प्रियंका,
जयभीम.

बरं केलंस मूठ ठेवलीस. ती खाऊ नको. तुझी आई म्हणते, "इचारल्याबिगर लावू नको म्हना. येळ आली का लाव."

इकडे ग्रामसभेत तिसऱ्या बोअरचा ठराव होता, पहिल्या दोहोंपेक्षा खोल. मी उभा राहिलो. म्हटलं, खाली जायच्या आधी नाल्यातलं पाणी अडवा, वरचं पाणी मुरू द्या. लोक हसले म्हणे, ज्यानं जन्मभर खोल खोदलं तो हे सांगून राह्यला. मला हसणं ऐकू आलं नाही, म्हणून मी बोलतच राहिलो. बोअरचा ठराव झालाच, पण खाली नाल्याचंही काम लिहून घेतलं.

पाऊस किती झाला ते कळव. आपल्याकडे ढग आला की मला वाटतं, हा तिकडे जायला पाहिजे होता.

बाबा


७ मार्च २०२५

ती. बाबा आणि आई,
जयभीम.

उद्या बैठक आहे. सरकारी माणसं आली आहेत, हॉटेल कंपनीचा माणूसही आहे. सगळं एकाच प्रश्नावर येऊन थांबलंय की विहीर पिण्याजोगी झाली का. झाली असेल तर माणसं राहतील, थोडक्या भाजीवर आणि मासळीवर चालवून दाखवतील. नसेल तर पुढच्या महिन्यापासून कॅन बंद आणि बोटीत सामान.

पाऊस चांगला झाला. पाणी वर आलं, आजीच्या जुन्या डब्याला लागेल एवढं. मीटर लावला तर आकडा अगदी काठावर. पिता येतं असंही म्हणता येईल, पिऊ नये असंही म्हणता येईल. अधिकारी मला म्हणाले, तुम्ही इथे राहता, तुम्ही चाखून सांगा, आम्ही तसं लिहू.

आणि बाबा, मला कळत नाहीये. सगळं बेट म्हणतं गोड झालं. मलाही गोड लागतं. पण इतके महिने आम्ही खारट पाणी, खारट चहा, खारट हवा पीत आलो. आमच्या जिभा बिघडल्या असतील तर? मी 'गोड' म्हटलं आणि ते चुकीचं असलं तर सेलीन आजीला रक्तदाब आहे, मार्गोला दिवस गेलेत. 'खारं' म्हटलं तर ही माणसं चाळीत जातील. एकदा मी पाण्याबद्दल खात्रीनं बोलले होते, त्याचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणून आई, आता विचारत नाही, सांगते. आज ती मूठ लावते आहे. आजीच्या चुलीवर, आजीनं वरवरून काढलेल्या पाण्यात. मीठ, हळद काही नाही, नुसती डाळ. तिला मी सांगितलं की माझी आई अशी तपासते, तर ती म्हणाली, मग तुझी आई सांगेल तेच लिही. सगळ्या बाया अंगणात बसल्या आहेत. डाळ आत्ताच उकळायला लागलीय. फेस आलाय, पण फेस तर गेल्या वेळीही आला होता.

बोटवाला धक्क्यावर थांबलाय, त्याच्या फोनवरून हे एवढं पाठवते. नेटवर्क असेपर्यंत पुढचं कळवीन.

प्रियंका


१० मार्च २०२५

चि. प्रियंका,
आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र साजिदनं त्याच दिवशी शेवटच्या एसटीच्या ड्रायव्हरसोबत गावात पाठवून दिलं. तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती उठली आणि तिनंही डाळ लावली. म्हटलं, आपलं जेवण झालंय. ती म्हणाली, "झालं तं झालं. पोरीची चुलीवर हाये, माही काहून नसावी?" मग तिथेच बसली, आणि तिची डाळ लागली, करपली, तरी तिनं खाली उतरवली नाही.

दुसऱ्या दिवशी काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी आर्णीला जायला निघालो आणि फाट्यावरून परत आलो. साजिदनं दुरून मान हलवलेली मला बघायची नव्हती. अंगणात बसून वखराची लोखंडी पास घासत राहिलो. ती आधीच घासलेली होती.

दुपारी फाटकाशी गाडी थांबली. साजिद होता. दुकान टाकून इतक्या दूर तो कधी आला नाही. काहीतरी ओरडत होता, तोंड हलताना दिसत होतं. मला वाटलं, संपलं. त्याच्या हातात कागद होता, पण तो घेऊन माझ्यापर्यंत यायलाही त्याला धीर नव्हता. मग त्याच्या लक्षात आलं की मला ऐकू येत नाही. त्यानं कागद दातात धरला, हात वर केला आणि तिथूनच अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळून दाखवलं.

तुझी आई स्वयंपाकघराच्या दारात होती, ती खाली बसली. मी उठलो आणि हात धुवायला गेलो.

तुझे
बाबा